पोटॅशियमचा आकडा मूत्रपिंडाला कसा कळतो: कागद-पेन घेऊन सोडवायची रीत

पोटॅशियम कमी आलं की केळं खा, जास्त आलं की केळं बंद करा. बहुतेक घरांत आणि बऱ्याच वॉर्डांतही हा विषय एवढ्यावर मिटवला जातो. मी मूत्रपिंडविकारांची डॉक्टर आहे, सांगली-मिरज भागात काम करते आणि निवासी डॉक्टरांना, आहारतज्ज्ञांना आणि डायलिसिसच्या टेक्निशियन मुला-मुलींना हा विषय शिकवते. शिकवताना सुरुवात पुस्तकाने करत नाही. एक कोरा कागद आणि लाल-निळी अशी दोन पेनं पुरतात. त्या कागदावर काय काढायचं, मग ते चित्र कसं चालवायचं आणि शेवटी रिपोर्ट, औषधं आणि जेवण यांना ते कसं लावायचं, ते इथे सांगते.

चित्र नीट चाललं की एक गोष्ट डोळ्यांसमोर येते, आणि माझा सगळा आग्रह तिच्यासाठीच आहे. पोटॅशियम वाचवायचं असेल तर मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवावं लागतं. त्यामुळे पोटॅशियमचा आकडा कधी एकटा वाचायचा नाही. शेजारी रक्तदाब आणि मीठ मांडूनच वाचायचा.

आधी कोपऱ्यात हिशेब

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात काही आकडे लिहून ठेवा, पुढे पदोपदी लागतील.

सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात साधारण ३,५०० मिलिमोल (पदार्थाचे कण मोजायचं एकक) पोटॅशियम असतं. त्यातलं ९८ टक्के पेशींच्या आत, तिथे लिटरमागे १४० ते १५० मिलिमोल. पेशींच्या बाहेर, रक्त धरून, जेमतेम ६०-७० मिलिमोल उरतं आणि रिपोर्टमध्ये दिसतो तो त्याचाच आकडा: लिटरमागे ३.५ ते ५. आतलं-बाहेरचं हे अंतर सोडियम-पोटॅशियम पंप टिकवतो. एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्ची टाकून तो तीन सोडियम बाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. येन्स स्कोऊ या डॅनिश शास्त्रज्ञाने खेकड्याच्या पायातल्या नसांवर काम करून १९५७ साली हे एन्झाइम मांडलं. त्यासाठी त्यांना १९९७ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता एक जेवण धरा. बटाट्याची भाजी, वरण आणि वर दोन केळी. एवढ्यात ४० मिलिमोल पोटॅशियम सहज पोटात जातं. ते सगळं पेशींच्या बाहेरच राहिलं असतं तर रक्तातला आकडा ४ वरून ६च्या वर गेला असता आणि जेवणानंतर हृदयाचे ठोके बिघडले असते. तसं होत नाही, कारण जेवणाबरोबर वाढणारं इन्सुलिन ते तात्पुरतं पेशींत ढकलतं. पण ती तात्पुरती सोय. खाल्लेल्यापैकी सुमारे नव्वद टक्के पोटॅशियम शेवटी मूत्रपिंडालाच बाहेर टाकावं लागतं.

मूत्रपिंडात दिवसाला १८० लिटर द्रव गाळला जातो. १८० गुणिले ४ म्हणजे ७२० मिलिमोल पोटॅशियम त्यात उतरतं. गाळलेला द्रव पुढे बारीक नलिकेतून वाहतो. नलिकेच्या पहिल्या भागात ६५ टक्के आणि त्यापुढच्या हेन्लेच्या वळणात आणखी २५ टक्के परत घेतलं जातं, तेही अंगात पोटॅशियम जास्त आहे की कमी याची फारशी चौकशी न करता. खरा निर्णय त्याच्यापुढे होतो. लघवीत जे पोटॅशियम सापडतं ते बहुतांशी गाळून आलेलं नसतं, नलिकेच्या शेवटच्या टप्प्यात पेशींनी मुद्दाम आत सोडलेलं असतं. हे वाक्य लाल पेनाने अधोरेखित करा.

सोडियमचाही हिशेब त्याच कोपऱ्यात मांडा. १८० गुणिले १४०, म्हणजे दिवसाला साधारण दीड किलो मीठ गाळलं जातं. त्यातलं ५ ते १० टक्के एका लहानशा तुकड्यात परत घेतलं जातं. त्या तुकड्याचं नाव डिस्टल कन्व्होल्यूटेड ट्यूब्यूल, आमच्या बोलण्यात डीसीटी. टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण ते ७५ ते १५० ग्रॅम मीठ होतं, आणि आपण दिवसाला खातो दहा-बारा ग्रॅम. या तुकड्याने हात किंचित आखडता घेतला किंवा सैल सोडला तरी रक्तदाब बदलतो, तो म्हणूनच.

एक पेशी काढा, तिच्या पुढे दुसरी

कागदाच्या मधोमध मोठा चौकोन काढा. ही डीसीटीची एक पेशी. डावीकडे नलिकेतलं मूत्र, उजवीकडे रक्त.

डाव्या भिंतीवर लाल पेनाने एक दार काढा आणि नाव लिहा: एनसीसी. हा वाहक मूत्रातून एक सोडियम आणि एक क्लोराइड जोडीने आत घेतो. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन ही थायझाइड गटातली रक्तदाबाची औषधं याच दाराला अडसर घालतात. उजव्या भिंतीवर तीन गोष्टी: सोडियम-पोटॅशियम पंप, निळ्या पेनाने पोटॅशियमची वाहिनी (केआयआर ४.१ आणि ५.१ या दोन प्रथिनांची मिळून बनलेली) आणि लाल पेनाने क्लोराइडची वाहिनी. पेशीच्या आत क्लोराइडचे आठ-दहा छोटे गोल काढा. त्यांच्यामध्ये एक एन्झाइम: डब्ल्यूएनके ४. आम्ही सगळे त्याला ‘विंक’ म्हणतो. विंकच्या खाली बाण काढून दुसरं एन्झाइम लिहा, स्पाक, आणि स्पाकपासून एनसीसीच्या दारापर्यंत आणखी एक बाण न्या.

विंक आणि स्पाक दोन्ही काइनेज, म्हणजे एटीपीवरचा शेवटचा फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनावर बसवणारी एन्झाइमं. विंक स्पाकवर फॉस्फेट बसवतं, स्पाक एनसीसीवर. फॉस्फेट बसलेलं एनसीसी जोमाने मीठ ओढतं, फॉस्फेट उतरलेलं एनसीसी मंदावतं.

आता प्रवाहाच्या पुढच्या अंगाला, म्हणजे खाली, दुसरा लहान चौकोन. ही कलेक्टिंग डक्टची, म्हणजे नलिकेच्या शेवटच्या टप्प्यातली पेशी. हिच्या डाव्या भिंतीवर सोडियमची वाहिनी ईनॅक आणि पोटॅशियमची वाहिनी रॉमके. ईनॅकमधून सोडियम आत शिरलं की मूत्राच्या बाजूला ऋण भार उरतो आणि त्या ओढीने रॉमकेतून पोटॅशियम मूत्रात उतरतं. एवढं लक्षात ठेवा: या दुसऱ्या पेशीपर्यंत सोडियम पोचलं तरच पोटॅशियम धड बाहेर पडतं.

पोटॅशियम कमी करून चित्र चालवा

उजवीकडे, रक्ताच्या बाजूला, निळ्या पेनाने ३.० लिहा. आता घाई न करता एकेक पायरी.

रक्तात पोटॅशियम कमी, म्हणजे पेशीतलं पोटॅशियम निळ्या वाहिनीतून बाहेर पडायची ओढ वाढते. धन भार बाहेर जातो, पेशीची आतली बाजू आणखी ऋण होते. क्लोराइड स्वतः ऋण, त्यामुळे त्याला आत थारा मिळत नाही आणि ते लाल वाहिनीतून रक्ताकडे निघून जातं. आता चौकोनातले क्लोराइडचे चार-पाच गोल खरोखर खोडा.

वर्गात मुलं अडकतात ती इथे. जवळजवळ प्रत्येक बॅचमधलं कुणीतरी म्हणतं, “मॅडम, म्हणजे पोटॅशियम एन्झाइमला जाऊन चिकटतं ना?” नाही. विंकला जे थेट रोखून धरतं ते क्लोराइड. विंकच्या गाभ्यात, जिथे एटीपीचं काम चालतं त्याच्या लगत, क्लोराइडचा एक आयन बसेल एवढी खोबण आहे. ती भरलेली असेल तोवर विंकला स्वतःवर फॉस्फेट बसवता येत नाही, आणि तो बसल्याशिवाय ते कामाला लागत नाही. खोबणीत बसलेलं क्लोराइड २०१४ साली स्फटिकाच्या अभ्यासात दिसलं. पुढच्या वर्षी पोर्टलंडच्या ओरेगन आरोग्य विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांवर आणि पेशींवर प्रयोग करून मधले दुवे जोडले: रक्तातलं पोटॅशियम, पेशीचा विद्युतदाब, आतलं क्लोराइड आणि मग विंक. पोटॅशियमचा निरोप असा दोन हातांतून फिरत एन्झाइमपर्यंत येतो. हा टप्पा कागदावर तीनदा काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

क्लोराइड घटलं, खोबण रिकामी झाली, विंक कामाला लागलं. विंकने स्पाकला फॉस्फेट दिला, स्पाकने एनसीसीला. दार सताड उघडलं आणि मूत्रातलं मीठ इथेच, पहिल्या चौकोनात, भराभर आत ओढलं गेलं.

पाटाच्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी पाणी उचललं की टेलच्या शेतापर्यंत ते पोचत नाही. आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथे तेच होतं. डीसीटीने सोडियम उचललं, खालच्या पेशीला ते पुरेसं मिळालं नाही, ईनॅक कोरडं राहिलं, रॉमकेतून पोटॅशियम उतरायची ओढ गेली. पोटॅशियम वाचलं.

आणि बदल्यात मीठ अंगात राहिलं. कागदावर दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहा, निळ्याने ‘पोटॅशियम वाचलं’ आणि लालने ‘मीठ साठलं’. ज्याच्या जेवणात भाजी-फळं नावाला आणि मीठ भरपूर, त्याच्या मूत्रपिंडाला दिवसरात्र हा सौदा करावा लागतो. एरवी भरपूर मीठ पोटात गेलं की एनसीसी मंदावतं आणि जास्तीचं मीठ लघवीवाटे निघून जातं. पण पोटॅशियमची टंचाई असेल तर मीठ कितीही आलं तरी दार उघडंच राहतं. पोर्टलंडच्या त्या उंदरांत नेमकं हेच दिसलं: कमी पोटॅशियम आणि जास्त मीठ असा आहार दिला तेव्हा एनसीसी चालू राहिलं आणि रक्तदाब चढला.

आता वाढवून बघा

कागद उलटा करा, तीच दोन चौकोनांची आकृती पुन्हा काढा आणि रक्ताच्या बाजूला ५.५ लिहा. पोटॅशियम बाहेर पडायची ओढ कमी, पेशीची आतली बाजू कमी ऋण, क्लोराइड आत टिकतं, खोबण भरलेली, विंक गप्प. जोडीला फॉस्फेटेज एन्झाइमं एनसीसीवरचे फॉस्फेट काढून टाकतात. दार मंदावतं, सोडियम खाली वाहतं, ईनॅक ते घेतं, रॉमके पोटॅशियम सोडतं.

याचा वेग मला अजूनही थक्क करतो. उंदरांना नळीने पोटॅशियम पाजलं तर अर्ध्या तासाच्या आत एनसीसीवरचे फॉस्फेट उतरलेले दिसतात. ॲड्रिनल ग्रंथीतून येणारं अल्डोस्टेरॉन हे हार्मोन ईनॅकची संख्या वाढवतं, पण त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही तास लागतात. जेवण झाल्याबरोबरची पहिली धावपळ डीसीटी करतं, पाठोपाठ अल्डोस्टेरॉन येऊन काम पुरं करतं.

अल्डोस्टेरॉनचं एक जुनं कोडं या आकृतीने छान सुटतं, म्हणून जरा थांबते. जुलाबाने पाणी कमी झालं की अल्डोस्टेरॉन वाढतं. तेव्हा मीठ वाचतं, पण लघवीतून पोटॅशियम विशेष वाया जात नाही. पोटॅशियम वाढलं तरीही अल्डोस्टेरॉनच वाढतं. तेव्हा पोटॅशियम बाहेर पडतं, पण मीठ विशेष साठत नाही. हार्मोन एकच, परिणाम दोन. उत्तर वरच्या चौकोनात आहे. पाणी कमी झाल्यावर अल्डोस्टेरॉनच्या जोडीला अँजिओटेन्सिन २ हे दुसरं हार्मोन असतं आणि ते एनसीसी चालू करतं, म्हणून मीठ वरच उचललं जातं. पोटॅशियम वाढल्यावर एनसीसी बंद असतं, म्हणून मीठ खाली पोचतं आणि पोटॅशियमच्या बदल्यात घेतलं जातं. परीक्षेला हा प्रश्न आला तर दोन चौकोन काढून उत्तर लिहा, तपासणाऱ्याला पानभर मजकूर वाचावा लागणार नाही.

आकृती खरी की खोटी, ते आजारांवर ताडून बघा

एनसीसी जन्मजात निकामी असेल तर काय होईल? उत्तर वाचण्याआधी स्वतः लिहून काढा.

मीठ खाली वाहून जातं, म्हणून रक्तदाब कमीकडे. खालच्या पेशीला सोडियम सतत मिळतं, म्हणून पोटॅशियम गळत राहतं. हा गिटेलमन सिंड्रोम, १९६६ साली वर्णिलेला. जनुक सापडलं १९९६ साली. मॅग्नेशियमही कमी असतं आणि लघवीतलं कॅल्शियम घटतं. तरुण मुलगी, सारखी मीठ-चिंच मागणारी, हातापायांत पेटके, रक्तदाब ९०-१००च्या घरात आणि पोटॅशियम २.७: असं दिसलं की हे नाव मनात आलं पाहिजे.

आता उलटं. विंक कायम चालू राहिलं तर? एनसीसी सदैव उघडं, मीठ साठतं, रक्तदाब तरुणपणीच वाढलेला. खाली सोडियम जात नाही, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावलं की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) अगदी नॉर्मल असूनही पोटॅशियम वाढलेलं. हा गॉर्डन सिंड्रोम. २००१ साली येल विद्यापीठातल्या रिचर्ड लिफ्टन यांच्या गटाने अशा कुटुंबांत डब्ल्यूएनके १ आणि ४ या जनुकांतले दोष शोधले. विंक जातीचं पहिलं एन्झाइम त्याच्या जेमतेम वर्षभर आधी सापडलं होतं आणि मूत्रपिंडाशी त्याचा संबंध असेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. २०१२ साली आणखी दोन जनुकं हाती लागली, केएलएचएल ३ आणि सीयूएल ३. काम संपलेलं विंक मोडीत काढायचं ते यांचं काम. ते बिघडलं की विंक साचत जातं. या रुग्णांना थायझाइडची छोटीशी गोळी दिली की रक्तदाब आणि पोटॅशियम दोन्ही खाली येतात. का, ते तुमच्या कागदावर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे.

जन्मजात दोष रोज भेटत नाहीत, पण टॅक्रोलिमस रोज भेटतं. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून ते देतात, आणि त्यावर असलेल्या कितीतरी जणांचा रक्तदाब वाढतो, पोटॅशियम वाढतं. टॅक्रोलिमस ज्याला रोखतं ते कॅल्सिन्यूरिन एक फॉस्फेटेज आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टॅक्रोलिमस दिलेल्या उंदरांत फॉस्फेट बसलेलं एनसीसी वाढलेलं दिसलं आणि रुग्णांच्या प्रत्यारोपित मूत्रपिंडांतही एनसीसी वाढलेलं आढळलं. म्हणजे औषधाने घडवलेला छोटा गॉर्डन. अशा वेळी थायझाइड चांगलं लागू पडू शकतं. तो निर्णय मात्र प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांचाच.

अजून एक, विद्यार्थ्यांसाठी. उजव्या भिंतीवरची निळी वाहिनी, केआयआर ४.१, जन्मतः बिघडली तर? पेशी पुरेशी ऋण होत नाही, क्लोराइड आत साठतं, विंक गप्प, एनसीसी बंद. रिपोर्ट गिटेलमनसारखा दिसतो. हीच वाहिनी मेंदूत आणि कानातही असल्यामुळे या मुलांना फिट्स, तोल जाणं आणि बहिरेपणही असतो. २००९ साली हा आजार ओळखला गेला. कागदावरून तुम्ही मीठ गळण्यापर्यंत पोचला असाल तर आकृती तुमची झाली.

रिपोर्ट हातात आला की

आकडा ६च्या वर किंवा २.५च्या खाली असेल तर कागद बाजूला ठेवा. आधी ईसीजी आणि उपचार.

तसं नसेल तर पहिली शंका नमुन्यावर घ्यायची. रक्त काढताना मूठ उघड-बंद करायला लावली, पट्टा बराच वेळ बांधून ठेवला, ट्यूबमध्ये रक्तपेशी फुटल्या, किंवा गावातून नमुना बर्फात ठेवून चार तासांनी लॅबमध्ये पोचला, तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं येतं. ठणठणीत माणसाचं ५.९ आलं आणि रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ लिहिलेलं असेल तर औषध द्यायचं नाही, नमुना पुन्हा घ्यायचा.

कमी आलं असेल तर लघवीला विचारा. एका वेळच्या लघवीतलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन मोजून घ्या. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे १३ मिलिमोलपेक्षा कमी पोटॅशियम असेल तर मूत्रपिंड इमानाने वाचवतंय. गळती दुसरीकडे आहे, बहुधा जुलाब, किंवा खाण्यातच कमी. त्याहून जास्त असेल तर मूत्रपिंडातूनच जातंय. टीटीकेजी नावाचं गुणोत्तर अजून काही ठिकाणी शिकवतात. ज्यांनी ते रूढ केलं त्यांनीच नंतर ते मागे घेतलं, त्यात वेळ घालवू नका.

मूत्रपिंडातून जातंय असं ठरलं की लगेच रक्तदाब बघा. रक्तदाब कमी किंवा नॉर्मल असेल तर मीठही गळतंय, गोष्ट वरच्या चौकोनातली किंवा त्याच्याही आधीची: थायझाइड, लॅसिक्स (हेन्लेच्या वळणावर चालणारं लघवीचं औषध), गिटेलमन. उलटीचंही इथेच आठवा. उलटीत पोट रिकामं होतं, पण पोटॅशियम लघवीतूनच जातं. रक्तदाब जास्त असेल तर गोष्ट खालच्या चौकोनातली: तिथे ईनॅक जास्त चालतंय, मीठ आत येतंय आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम जातंय. अल्डोस्टेरॉन वाढवणारी ॲड्रिनलची गाठ हे त्याचं नेहमीचं कारण.

दुसरं कारण मी प्रत्येकाला न चुकता विचारते: “ज्येष्ठमध घेता का?” खोकल्याचा काढा, ॲसिडिटीचं चूर्ण, गळ्यासाठी चघळायच्या काड्या, लोक औषध म्हणून धरतच नाहीत. ज्येष्ठमधातलं ग्लिसिराइझिन मूत्रपिंडातलं एक एन्झाइम रोखतं. त्या एन्झाइमचं काम कॉर्टिसोल हे ॲड्रिनलचंच दुसरं हार्मोन निष्प्रभ करून अल्डोस्टेरॉनची जागा मोकळी ठेवणं. ते थांबलं की कॉर्टिसोलच अल्डोस्टेरॉनसारखं वागायला लागतं आणि महिनोन् महिने रोज घेणाऱ्याचं पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. चार दिवस काढा घेतल्याने घाबरायचं कारण नाही.

आणि मॅग्नेशियम. पोटॅशियमचं सिरप पाजून पाजून आकडा हलत नसेल तर मॅग्नेशियम तपासल्याशिवाय डोस वाढवू नका. रॉमकेचं तोंड आतून मॅग्नेशियम अडवून धरतं. ते कमी झालं की रॉमके मोकळं सुटतं आणि दिलेलं पोटॅशियम लघवीत जातं.

स्वयंपाकघरात

मूत्रपिंड धडधाकट आहे आणि पोटॅशियम वाढवणारं औषध चालू नाही, अशांसाठी आधी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ३,५१० मिलिग्रॅम पोटॅशियम आणि ५ ग्रॅमच्या आत मीठ सुचवते. मध्यम केळ्यात ४००च्या आसपास मिळतं, एका शहाळ्याच्या पाण्यात बऱ्याचदा ५००च्या वर. पण त्यांच्यामागे लागायची गरज नाही. मटकी-चवळीची उसळ, पालेभाजी, रताळं, टोमॅटो, ताक, मूठभर शेंगदाणे यांतून आकडा आपसूक गाठला जातो. ज्या ताटात भात, पिठलं, लोणचं, पापड आणि खर्डा एवढंच आहे त्यात उलटं घडतं, पोटॅशियम थोडं आणि मीठ फार. अशा घरात मी “मीठ कमी करा” एवढंच सांगत नाही. मीठ कमी करा आणि त्याच वेळी उसळ-भाजी दुप्पट वाढा, असं सांगते. पोटॅशियम मिळालं की विंक गप्प होतं आणि मूत्रपिंड मीठ सोडायला स्वतःहून तयार होतं.

चीनमधल्या ६०० गावांत २०,९९५ लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली आले. पक्षाघात होऊन गेलेले, किंवा वय साठीच्या पुढे आणि रक्तदाब जास्त, असे ते लोक. निम्म्या गावांत नेहमीचं मीठ, निम्म्यांत तीन भाग साधं मीठ आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड. दुसऱ्या गावांत पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी कमी झाले.

म्हणून ‘लो सोडियम’ मीठ सरसकट आणायचं का? नाही. पाकीट उलटून घटक वाचा. त्या अभ्यासातल्यासारखं मिश्रण असेल तर दिवसाच्या ५ ग्रॅममध्ये सव्वा ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे साधारण ६५० मिलिग्रॅम पोटॅशियम जादा. निरोगी मूत्रपिंडाला ते काहीच नाही. पण क्रिएटिनिन वाढलेलं आहे, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखं पोटॅशियम वाढवणारं औषध चालू आहे, तर मला किंवा तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका. अशा माणसाचं वरचं दार बंद झालं तरी खालच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर टाकायची ताकद उरलेली नसते. डायलिसिसवरच्यांना तर हे मीठ वर्ज्यच. त्यांच्यासाठी बटाटा, सुरण, रताळं पातळ चिरून भरपूर पाण्यात उकळायचं, पाणी ओतून टाकायचं, पुन्हा नव्या पाण्यात उकळायचं. कच्चं भिजत घालण्यापेक्षा याने पोटॅशियम जास्त निघतं. उकळलेलं पाणी रश्शात वापरायचं नाही, वाया जाईना का.

शेवटी ज्यांना क्लोरथॅलिडोनसारखी गोळी चालू आहे आणि पोटॅशियम सारखं ३.२-३.३वर येऊन अडतं, त्यांचं. गोळीने एनसीसी अडवलेलं असतं, त्यामुळे पोटॅशियम वाचवायचा त्यांचा नेहमीचा रस्ताच बंद असतो. अशात जेवणातून मीठ जितकं जास्त जाईल तितकं सोडियम खालच्या पेशीपर्यंत पोचतं आणि तितकं पोटॅशियम बाहेर पडतं. सिरपचा डोस वाढवण्याआधी चोवीस तासांची लघवी साठवून तीत सोडियम किती येतं ते मोजून घ्या. १०० मिलिमोल म्हणजे सुमारे ६ ग्रॅम मीठ. २०० आलं तर रोजचं मीठ बारा ग्रॅमच्या घरात आहे. मग लोणच्याची बरणी आणि पापडाचा डबा टेबलावरून हलवायचा, पंधरा दिवसांनी पोटॅशियम पुन्हा तपासायचं, आणि सिरपचा विचार त्यानंतर करायचा.